एम. पी. निगेटिव्ह

आधी तारखा. त्या मी सणांवरून देत आहे, कारण माझी बहीण विमल हिने त्या तशाच सांगितल्या, आणि साक्षीदाराचे शब्द नोंदवताना बदलायचे नसतात हा नियम मी तहसिलीच्या न्यायालयात रीडर म्हणून साऱ्या नोकरीभर पाळला आहे. पोळ्याच्या आधीच्या बुधवारी तिचे यजमान मधुकरराव यांना बागेत पहिली हुडहुडी भरली. पोळ्याच्या आदल्या दिवशी गावच्या उपकेंद्रात त्यांच्या बोटाचे रक्त घेतले गेले. उत्तर मिळाले, मलेरिया नाही. हरतालिकेच्या दिवशी पांढुर्ण्याच्या एका खासगी प्रयोगशाळेत पुन्हा रक्त दिले, उत्तर तेच. ऋषिपंचमीला त्यांनी माझ्या बहिणीला ओळखले नाही, आणि त्याच दिवशी त्यांना नागपूरला हलवले. घरोघरी महालक्ष्म्या जेवल्या त्या दिवशी नागपुरात प्रथमच त्यांचे रक्त काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले गेले. आणि भाद्रपदातल्या शुद्ध एकादशीला, दुपारी, मधुकरराव गेले.

आता जबाबदार. व्यक्तींची नावे मी लिहीत नाही. व्यक्तीची बदली होते. पद जागेवर राहते, आणि उत्तर पदाने द्यायचे असते. उपकेंद्राचा कार्यभार ज्या पदाकडे आहे ते पद. तपासणीच्या कार्डांचा साठा भर उन्हाळ्यात कुठे ठेवायचा हे ठरवणारे पद. कोणत्या पद्धतीने तपासले हे न लिहिता निकाल तेवढा छापून देणारे खासगी प्रयोगशाळेचे चालक. नातेवाइकांच्या तोंडी उत्तरावर विसंबून पुढे गेलेला नागपूरच्या रुग्णालयाचा दाखल-कक्ष. यांच्याखेरीज आणखी एक आरोपी आहे, आणि तो माणूस नाही, एक शब्द आहे. त्याच्याकडे मी सावकाश येतो, कारण त्याने आम्हा सर्वांनाच फसवले.

मधुकरराव गेल्याची बातमी मला सौंसरच्या बसस्टँडवर कळली. नागपूरहून कपडे न्यायला घरी आलो होतो आणि परतीच्या गाडीत चढत होतो. माझा भाचा, म्हणजे मधुकररावांचा मुलगा प्रशांत, याचा फोन आला. "मामाजी, बसले का जी गाडीत?" मी म्हटले, बसतो आहे. तो म्हणाला, "तं या आरामात... आता घाई नाही जी." न्यायालयात मी पुष्कळ निकाल ऐकले आहेत, इतक्या सभ्य शब्दांत दिलेला निकाल कधी ऐकला नव्हता. गाडी सुटली. लोधीखेडा आले आणि मागे गेले. शेजारचा प्रवासी मला पिशवी सरकवायला सांगत होता आणि मी त्याच्याकडे नुसता पाहत होतो. मला त्या वेळी दुःख झाले नाही, हे मला लिहिले पाहिजे. मला भीती वाटली. दोनदा 'नाही' असे लिहून मिळालेल्या रोगाने माणूस मरू शकतो, तर मग आजवर ज्या ज्या कागदावर विसंबून आम्ही निर्धास्त झोपलो, त्यांतले कोणते कागद खरे होते?

मधुकररावांना मी पहिल्यांदा पाहिले ते आमच्या सौंसरच्या घरी, ते विमलला पाहायला आले तेव्हा. वडील हयात नव्हते, त्यामुळे विचारपूस करण्याचे काम थोरला भाऊ म्हणून माझ्याकडे होते. मी नुकताच नोकरीला लागलेलो. कायद्याची भाषा अंगावर नव्या कपड्यासारखी होती. त्यांच्या वडिलांकडून मी जमिनीचा खसरा, म्हणजे सरकारी उतारा, मागून घेतला आणि पोहे गार होईपर्यंत तो ओळीओळीने वाचत बसलो. तिगावच्या पुढच्या खेड्यातला, संत्र्याच्या बागेत वाढलेला तो तरुण पोह्यांना हात न लावता बसला होता. शेवटी त्याला राहवले नाही. "खसरा पाहून राहिले का मले पाहून राहिले? खसऱ्यात मी नाही जी, मी हा इथं बसून आहो." आतल्या खोलीत विमल फिसकन हसली, आणि ते ऐकून मी कागद मिटला. लग्न त्या हसण्यानेच ठरले असे मी आजही मानतो. त्या दिवसापासून मी त्यांच्या तोंडी 'वकीलसाहेब' झालो. रीडर म्हणजे साहेबापुढे खटल्याचे कागद ठेवणारा कारकून, वकील नव्हे, हे मी त्यांना अनेकदा समजावले. "मालूम आहे ना जी. पण रीडरसाहेब म्हटलं तं गावचे पोट्टे तुमाले पुस्तकं मागतीन."

मी पत्रे लिहितो हे वृत्तपत्राच्या या पुरवणीच्या वाचकांना ठाऊक आहे. माझ्या पत्रांची चेष्टा करण्याचा अधिकार मी एकाच माणसाला दिला होता. त्यांच्या गावचा ट्रान्सफॉर्मर जळाला आणि कोणी दाद घेईना, तेव्हा मी वीज खात्याला पत्रामागून पत्र लिहिले, ट्रान्सफॉर्मर बदलला गेला, आणि मधुकररावांनी ओसरीवर बसून जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगितले, "माहा साळा तोंडानं नाही, पेनानं बोंबलते." पुढे मी त्यांच्या घरी गेलो की चहाच्या आधी एक तक्रार तयार असे. "वकीलसाहेब, हे बी लिहा. म्हशीनं दूध कमी केलं. सरळ कलेक्टरले लिहा, खालच्याईले नाही." आणि जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला गेलो तर रांगेतल्या अनोळखी माणसाशी संत्र्याच्या भावावरून असे बोलत राहत की रांग पुढे सरके आणि आम्ही तिथेच. विमल चिडे. ते म्हणत, "देव काही पळून नाही चालला, हा मानूस मात्र चालला जाईन." माणूस निघून जाईल... त्यांना घाई एवढ्याच गोष्टीची असे.

आता आजाराकडे येतो. यंदा पोळ्याआधी पावसाने दडी मारली होती आणि संत्र्याच्या आंबिया बहाराची, म्हणजे उन्हाळ्याआधी धरलेल्या फळांची, गळ सुरू झाली होती. विहीर चुलतभावाशी सामाईक, म्हणून मोटार एक दिवस यांची, एक दिवस त्यांची. आमच्याकडे पाण्याच्या या वाटणीला पाळी म्हणतात. आणि दिवसाआड येणाऱ्या थंडीतापालाही पाळीचाच ताप म्हणतात. पहिली हुडहुडी भरली ती पाण्याची पाळी नसलेल्या दिवशी, आणि मधुकररावांना त्यात सोय दिसली. मी फोन केला तेव्हा ते बागेतूनच बोलत होते. "बेस चाललं आहे. आज पान्याची पाळी, उद्या तापाची. दोघंही इमानदार. एकमेकाच्या दिवशी येतच नाहीत." मी म्हटले, मधुकरराव, रक्त तपासा. "तपासतो ना जी. पण ताप असते तवा उठवत नाही, अन् ताप नसते तवा पानी असते. दोन्ही नसन त्या दिवशी जातो."

हेच त्यांनी केले. चुलतभावाच्या घरी काही कारण निघाले, मोटार बंद होती, अंगात ताप नव्हता, अशा सवडीच्या दिवशी ते उपकेंद्रात गेले. गावोगावचा शेतकरी असाच जातो. ताप अंगात असताना तपासायला जाणे त्याला पाहुण्याच्या घरी चिखलाच्या पायांनी जाण्यासारखे वाटते. जरा बरे वाटले की आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून तो रक्त द्यायला निघतो. या रीतीचा दोष मी त्यांना देत नाही. सरकारी भिंतीवर मच्छरदाणीचे चित्र आहे, साचलेल्या पाण्याचे आहे. ताप चढताना या, आणि एकदा 'नाही' आले तरी पुन्हा या, हे वाक्य मात्र मला एकाही भिंतीवर सापडलेले नाही.

उत्तर 'नाही' आले. मी उपकेंद्राला पत्र लिहायला बसलो तर त्यांनी फोनवरूनच अडवले. "नका लिहू जी. ते बाई चांगली आहे, इमानदारीनं स्लाइड काढली तिनं. आता नाही म्हनते तं नाही." मग पोळा झाला. दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार, म्हणजे नदीच्या दोन काठांवरून दगडफेकीची जत्रा, रस्ते बंद. त्यानंतर ताप रोजचाच होऊन बसला. पाळी मोडली. विमलने हट्ट धरला म्हणून हरतालिकेच्या दिवशी प्रशांतने त्यांना मोटारसायकलवर पांढुर्ण्याला नेले. दुपारी मला फोन आला. "वकीलसाहेब, रिपोर्ट आला. एम. पी. निगेटिव्ह लिहून आहे." एम. पी. म्हणजे मलेरिया पॅरासाइट, मलेरियाचा जंतू. पण आमच्याकडे एम. पी. म्हणजे आधी मध्य प्रदेश, आणि हा मराठी मुलूख महाराष्ट्रात घाला ही जुन्या माणसांची मागणी. मी म्हटले, मग चांगलेच झाले. "काय चांगलं जी? एम. पी. निगेटिव्ह मतलब आपुन आता महाराष्ट्रात गेलो का? बुढ्याईनं इतके वर्ष मागणी केली, अन् मले बुखार आल्यावर मंजूर झाली!" मी हसलो. हसता हसता मला फोनमधून एक बारीक आवाज ऐकू आला, चमचा पेल्यावर आपटत राहावा तसा. त्यांचे दात वाजत होते. तो त्यांचा माझ्याशी झालेला शेवटचा विनोद, आणि खरे सांगायचे तर शेवटचे बोलणे.

ऋषिपंचमीला त्यांची गाडी पांढुर्ण्याहून निघाली आणि मी सौंसरहून. सावनेरला मी त्यांच्या गाडीत चढलो. विमलच्या मांडीवर त्यांचे डोके होते. डोळ्यांचा पांढरा भाग हळदीसारखा पिवळा. ते विमलला "बाई, तुमचं गाव कोनतं?" असे विचारत होते, आणि माझी बहीण, जिने त्या माणसाच्या घरात सारे आयुष्य काढले, ती प्रत्येक वेळी आपल्या गावाचे नाव सांगत होती... मी खिडकीबाहेर पाहू लागलो. मला तिच्या आवाजाची भीती वाटत होती. तो अगदी स्थिर होता.

दाखल करून घेताना एका तरुण डॉक्टरांनी विचारले, "मलेरियाची स्लाइड झाली आहे का?" प्रशांतने लगेच उत्तर दिले, "हो साहेब, दोनदा झाली. दोन्ही निगेटिव्ह." डॉक्टरांनी लिहून घेतले. मी शेजारीच उभा होतो. मला विचारले असते तर मीही अक्षरशः हेच सांगितले असते. मग डेंग्यू तपासला गेला, कावीळ तपासली, झाडाझुडपातल्या किड्यांच्या चाव्याने येणारा ताप तपासला, मेंदूचे चित्र काढले गेले. दोनदा 'नाही' आलेला रोग सोडून बाकी सगळे रोग एकेक करून विचारात घेतले गेले. तोवर मूत्रपिंडे थकली.

महालक्ष्म्यांच्या दिवशी एक ज्येष्ठ डॉक्टरबाई फेरीवर आल्या. त्यांनी कागद चाळले आणि विचारले, "स्लाइड कुठे आहे?" प्रशांतने पांढुर्ण्याचा अहवाल पुढे केला. त्या म्हणाल्या, "हा कागद आहे, बेटा. मी काच विचारते आहे." कोणाजवळच काच नव्हती. ताप चढत होता तेव्हाच त्यांनी रक्त काढायला लावले, आणि थोड्याच वेळात बाहेर येऊन आम्हाला सांगितले की रक्त मलेरियाच्या जंतूंनी भरलेले आहे; जीव घेणारी जी जात असते, ती. इंजेक्शने तत्काळ सुरू झाली. त्या बाईंनी खोटा धीर दिला नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. त्या एवढेच म्हणाल्या, "हे आधी दिसायला हवं होतं."

का दिसले नाही? तेरावे आटोपल्यावर मी उपकेंद्रात गेलो आणि काच दाखवा म्हणून मागणी केली. न्यायालयात वस्तू हजर करायला सांगतात तशी. तिथल्या आरोग्यसेविका खरोखरच सालस बाई आहेत. त्या गोंधळल्या. "कोनती काच, मामाजी?" मी म्हटले, मधुकररावांची स्लाइड काढली होती ना, ती. "हाव, काढली ना. पण ते किटनं काढली." मी म्हटले, म्हणजे काचेवर रक्त घेतलेच नाही? "काच कायले राहीन जी आता? किट आल्यापासून किटनंच करतो. पन सगळे स्लाइडच म्हनतात त्याले. आमी बी स्लाइडच म्हनतो. लिवतो बी स्लाइडच." असे म्हणून त्यांनी ते किट दाखवले: बोटभर लांबीचे एक पांढरे प्लास्टिकचे कार्ड.

हा तो शब्द. पूर्वी आरोग्य कर्मचारी घरोघरी येऊन काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घेत, त्याला आपण 'स्लाइड काढणे' म्हणू लागलो. पट्टी गेली, कार्ड आले, आणि शब्द मात्र तसाच राहिला. उपकेंद्रात स्लाइड निघाली नव्हती. पांढुर्ण्याच्या प्रयोगशाळेत जाऊन मी विचारले; तिथल्या चालकांनी खिडकीच्या काचेमागूनच सांगितले, "कार्डवरच होते ना काका. सगळीकडे तेच चालते." तिथेही स्लाइड निघाली नव्हती. आम्ही नागपूरला 'दोनदा झाली' म्हणून शपथेवर सांगितल्यासारखे सांगितले, ती एकदाही झालेली नव्हती. आम्हाला वाटले दोन स्वतंत्र साक्षीदारांनी एकच गोष्ट सांगितली. प्रत्यक्षात एकाच जातीच्या साक्षीदाराची साक्ष दोनदा घेतली गेली होती, आणि ते दोन्ही साक्षीदार एकाच गोदामातून आले होते की काय, हेही मला आजपर्यंत कोणी सांगितलेले नाही.

त्यानंतर मी पुन्हा नागपूरला जाऊन त्या डॉक्टरबाईंची भेट मागितली. त्यांनी वेळ दिला आणि मला जे समजावले ते मी माझ्या भाषेत मांडतो. चूक असेल तर ती माझी. मलेरिया पकडायचे तीन मार्ग आहेत. काच म्हणजे प्रत्यक्षदर्शी साक्षीदार. काचेवर रक्ताचा जाड थेंब घेतात तो जंतू शोधायला, आणि पातळ थर पसरतात तो जंतूची जात ओळखायला. पाहणारा गुन्हेगाराला स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो, किती आहेत हेही सांगतो. पण हा साक्षीदार शेवटी डोळ्यांवर अवलंबून. डोळे थकलेले असले, रंग नीट चढलेला नसला, भिंगावर ओरखडा असला, की समोरचाही निसटतो. म्हणून एकदा 'नाही' आले तरी काही तासांनी पुन्हा काच घ्यायची असते. कार्ड जंतूला पाहत नाही. जंतूने रक्तात टाकलेल्या द्रव्याचा माग घेते, आणि त्यावर रेघ उमटते. हा परिस्थितिजन्य पुरावा. झटपट मिळतो, शिकलेले डोळे लागत नाहीत, वीज लागत नाही, आणि जिथे काच पाहणारे कोणी नाही अशा खेड्यांत त्याने अगणित जीव वाचवले असतील; हे मी नाकारत नाही. पण जंतू थोडे असले तर त्याला माग लागत नाही, काही जंतू तो माग सोडतच नाहीत, आणि रोगी बरा झाल्यावरही माग रक्तात उरतो, म्हणजे सुटलेल्या माणसावरही हे कार्ड बोट ठेवते. तिसरा मार्ग पी.सी.आर., जंतूच्या वंशखुणा वाढवून पाहण्याचा. हस्ताक्षरतज्ज्ञासारखा, पुसट खूणही ओळखतो. मात्र त्याचा अहवाल येईपर्यंत खटल्याचा निकाल लागून गेलेला असतो. बाई म्हणाल्या, "तिघांपैकी कोणी खोटारडा नाही. कोणाला काय विचारलं आहे ते लक्षात ठेवायला हवं."

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, आणि तिच्यानंतर मला नीट झोप लागलेली नाही. कार्डावर दोन प्रकारच्या रेघा असतात. एक रोगाची. दुसरी खात्रीची, ती उमटली म्हणजे कार्ड चालले असे समजतात. आरोग्यसेविकाही मला हेच म्हणाल्या होत्या, "खात्रीची रेघ आली होती जी, किट चांगलंच होतं." पण ती रेघ रक्त कार्डावरून पुढपर्यंत वाहिले एवढेच सांगते. कार्ड फार तापले असेल, तर रोगाची रेघ उमटवणारा त्याचा भाग मरून जाऊ शकतो आणि खात्रीची रेघ तरीही ठळक येऊ शकते. साक्षीदार हजर असल्याची सही तेवढी खरी; त्याची वाचा गेलेली. मी विचारले, कार्ड किती तापले म्हणजे असे होते? त्या म्हणाल्या, पाकिटावर मर्यादा लिहिलेली असते. ती मर्यादा मी आता वाचली आहे. आणि उपकेंद्राची ती खोली मी पाहिली आहे, जिला वर पत्रा आहे, खिडकी पश्चिमेला आहे, आणि जिथे कार्डांची खोकी भिंतीला लावून ठेवलेली आहेत. आमच्याकडचा मे महिना ज्याने एकदा सोसला आहे, त्याला यापुढे काही सांगण्याची गरज नाही.

म्हणून मी भ्यालेलो आहे. राग माझा जुना सोबती. त्याची मला सवय आहे. ही भीती नवी आहे. संध्याकाळी कोणी अंगावर पांघरूण ओढले की मी उठून त्याच्या मनगटाला हात लावतो. बाजारात कोणी कोणाला "रिपोर्ट निगेटिव्ह आला" असे आनंदाने सांगितले की मी अनोळखी माणसाला थांबवून विचारतो, कोणत्या पद्धतीने? लोक मला टाळू लागले आहेत. मधुकरराव असते तर म्हणाले असते, वकीलसाहेब, आता डासाले बी नोटीस पाठवा. पण त्यांच्या त्या उपकेंद्रात तीच खोकी अजून आहेत, आणि ताप अजून येतच आहेत.

नवरात्रात हे विमलच्या घरातच आले; मी तेव्हा तिथेच होतो. प्रशांतची बायको सरिता हिला दिवस गेले आहेत. पोट दिसू लागले आहे. मधल्या खोलीत मधुकररावांची खाट आहे. ते गेल्यापासून तिच्यावर कोणी निजले नव्हते. त्या दुपारी सरिताला अचानक थंडी वाजू लागली आणि जवळची म्हणून ती त्या खाटेवर जाऊन पडली. विमल स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. मी ओसरीवर होतो. खाटेचे पाय फरशीवर टकटक वाजू लागले. मला तो आवाज कशाचा ते कळले नाही. विमलला कळले. पिठाचे हात तसेच घेऊन ती धावत आली, दोन्ही हातांनी तिने खाट धरली आणि ती खाटेलाच ओरडून म्हणाली, "चूप! चूप बस म्हनते ना!" खाट वाजतच राहिली. मग सरिता दातांवर दात दाबून म्हणाली, "मामाजी, मले स्लाइड नाही पाह्यजे... मले काच पाह्यजे."

आरोग्यसेविका आल्या. कार्ड लावले. खात्रीची रेघ उमटली, रोगाची उमटली नाही. त्या म्हणाल्या, "नाही आहे जी," आणि आमच्यापैकी कोणीही सुटकेचा श्वास टाकला नाही. त्याच वेळी गाडी बोलावली. आज, हे लिहिताना, सरिता नागपूरला त्याच डॉक्टरबाईंच्या देखरेखीखाली आहे. पहिली काच स्वच्छ आली. पण बाईंनी आम्हाला स्पष्ट सांगितले आहे की गर्भवतीच्या शरीरात हा जंतू गर्भाशयातल्या वारेत दडून बसू शकतो; तेव्हा बोटाच्या रक्तात तो काचेलाही सापडत नाही आणि कार्डालाही नाही. दुसरी काच घ्यायची आहे. तिसऱ्या मार्गासाठीही रक्त पाठवले आहे. प्रशांत तिच्या उशाशी बसून आहे आणि फोनवर माझ्याशी एकेक शब्द मोजून बोलतो; 'झाली' हा शब्द तो आता वापरत नाही. काय घेतले, कशावर घेतले, कोणी पाहिले, एवढे सांगतो आणि फोन ठेवतो. एका जिवाचे रक्त तपासायचे आणि आतला दुसरा जीव सुरक्षित आहे की नाही याचे उत्तर त्यातच शोधायचे, अशी आमची अवस्था आहे. आम्ही वाट पाहत आहोत.

ती वाट पाहणे आमचे. पण त्या गावात आणखी गर्भवती आहेत, लेकुरवाळ्या आहेत, आणि धुतलेला सदरा घालून बरे वाटलेल्या दिवशी रक्त द्यायला जाणारे म्हातारे आहेत. म्हणून माझी मागणी शोकाची म्हणून बाजूला ठेवता येणार नाही. मला लेखी उत्तर नको. लेखी उत्तरे माझ्याकडे आहेत; त्यांत 'योग्य ती कार्यवाही' असते. येत्या ग्रामसभेत वर लिहिलेल्या पदांवर आज जे कोणी आहेत त्यांनी गावासमोर उभे राहावे आणि सांगावे: यंदाच्या पावसाळ्यात या गावात काचेवर एकाही माणसाचे रक्त घेतले का? पत्र्याच्या खोलीत तापलेली कार्डे ताज्या कार्डांशी ताडून पाहिली का? नसतील, तर ती आज सकाळी कोणाच्या बोटाला लावली? आणि यापुढे प्रत्येक 'नाही'च्या शेजारी, ते कोणी, कशाने पाहिले हे लिहिले जाईल की नाही?

भाषण नको, कागद वाचून दाखवणे नको. माझी बहीण विमल पहिल्या रांगेत बसलेली असेल. उत्तर तिच्याकडे पाहून द्यावे.